कॅमेरा घेण्याआधी गाडी मोजा

छोट्या मॉडेल गाड्यांचे फोटो काढायला कुठला कॅमेरा घ्यावा, असं कोणी विचारलं की मी आधी त्यालाच विचारतो, 'गाडी केवढी आहे?' उत्तर येतं, 'छोटी, हॉट व्हील्सएवढी' किंवा 'मोठी, एकास अठराची'. तेवढ्यावर माझं भागत नाही. पट्टी लाव आणि मिलिमीटरमध्ये सांग, म्हणतो. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी केली, हातात कायम व्हर्नियर असायचा, म्हणून मी असा बोलतो असं काहींना वाटतं. पण खरोखरच या छंदात कॅमेरा ठरतो तो गाडीच्या लांबीवरून. कंपनी कुठली आणि मेगापिक्सेल किती, हे प्रश्न त्याच्या बरेच मागून येतात.

खरी मोटार साडेचार मीटर लांब धरली तर १:१८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठराव्या हिश्शात, ती २५ सेंटीमीटरची होते, १:२४ मध्ये १९ ची, १:४३ मध्ये साडेदहाची आणि १:६४ मध्ये सातची. हॉट व्हील्सच्या गाड्या काटेकोर १:६४ नसतात, कारण सगळ्या साधारण एकाच मापाच्या पाकिटात बसवायच्या असतात. लांबी मात्र सातच्या आसपासच राहते. आपल्याकडे एसटीच्या बसची मॉडेलं सनबोर्डातून हातानं बनवणारी हौशी मुलंही पुष्कळ आहेत. अकरा मीटरची बस १:२४ मध्ये केली तर ४६ सेंटीमीटर भरते. म्हणजे या एका छंदात बोटाएवढी गाडीही येते आणि दीड फुटाची बसही येते. दोन्हींसाठी एकच कॅमेरा सुचवणाऱ्याचं ऐकू नका.

पट्टी घेऊन दुकानात जा

कॅमेरा बघायला जाताना दोन गोष्टी खिशात टाका: तुमच्याकडची सगळ्यात लहान गाडी आणि स्टीलची सहा इंची पट्टी. दुकानदाराला कॅमेरा सुरू करून द्यायला सांगा, झूम पूर्ण पुढे न्या, पट्टी आडवी ठेवा आणि जितकं जवळ जाऊन फोकस होतं तितकं जवळ जाऊन फोटो काढा. मग फोटोत पट्टीचे किती मिलिमीटर मावले ते मोजा. हा एक आकडा त्या कॅमेऱ्याची निम्मी कुंडली सांगतो. ८० च्या आत आला तर सात सेंटीमीटरची गाडी फोटोत भरून दिसेल. १२० आला तर त्या कॅमेऱ्यावर १:४३ छान येईल, पण १:६४ ची गाडी मधोमध एकटी पडलेली दिसेल. १:१८ वाल्यांना २८० आला तरी चालतं, आणि तेवढं जवळपास कुठल्याही कॅमेऱ्याला जमतं. मोठ्या स्केलच्या गाड्यांसाठी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोकस करणारी खास लेन्स) लागतेच असा एक समज पसरलेला आहे. तो मनातून काढून टाका, बरेच पैसे वाचतील.

दुकानात न जाताही हा आकडा काढता येतो. लेन्सच्या माहितीपत्रकात 'मॅक्सिमम मॅग्निफिकेशन' (वस्तू सेन्सरवर जास्तीत जास्त किती पट उमटते तो आकडा) असा एक रकाना असतो. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चकती; तिची रुंदी त्या आकड्याने भागायची. एपीएस-सी सेन्सर, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो तो, साधारण २२ ते २३.५ मिलिमीटर रुंद असतो. आता कॅननची १८-५५ किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळते ती, घ्या. तिची एफ ३.५-५.६ आयएस एसटीएम ही आवृत्ती ०.३६ पर्यंत जाते, म्हणजे फ्रेममध्ये सुमारे ६२ मिलिमीटर. नंतर आलेली, आकाराने लहान एफ ४-५.६ आयएस एसटीएम ही ०.२५ वरच थांबते, म्हणजे ८९ मिलिमीटर. दोघींवर १८-५५ च लिहिलेलं, दोघी कॅननच्याच. पण हॉट व्हील्सवाल्याला पहिली पुरते आणि दुसरीत फोटो कापून घ्यावा लागतो. सगळे कौतुक करतात ती ५० मिलिमीटर एफ १.८ तर ०.२१ वरच अडते, म्हणजे १०६ मिलिमीटर. माणसांच्या फोटोंना ती उत्तम आहे. आपल्या कामाला मात्र तशीच्या तशी उपयोगी नाही.

तशीच्या तशी म्हटलं, कारण तिच्यामागे एक्स्टेंशन ट्यूब लावली की चित्र बदलतं. ट्यूब म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नाही. हिशोब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सचं फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा), तेवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० च्या लेन्समागे १२ मिलिमीटरची नळी लावली तर ०.२४ वाढलं, एकूण ०.४५, म्हणजे फ्रेम ५० मिलिमीटरवर आली. मॅक्रो लेन्सच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. फक्त नळी घेताना आत सोनेरी रंगाचे विजेचे टिपके आहेत ना ते बघून घ्या. बिनटिपक्यांच्या स्वस्त नळीवर कॅननची लेन्स पूर्ण उघडीच राहते, आणि अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या, लहान-मोठ्या होणाऱ्या भोकाची) रिंग नसलेली निकॉनची 'जी' लेन्स पूर्ण मिटून बसते. दोन्हीकडे अ‍ॅपर्चर आपल्या हातात राहत नाही, आणि पुढचं सगळं प्रकरण अ‍ॅपर्चरचंच आहे.

खेळणं का वाटतं

गाडी अस्सल असते, रंग अस्सल असतो, तरी फोटोत खेळणं दिसतं. का? दोन कारणं आहेत, आणि कॅमेरा निवडताना ही दोनच डोक्यात ठेवली तरी चालेल.

पहिलं कारण, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तो. रस्त्यावर उभ्या असलेल्या खऱ्या मोटारीचा फोटो काढला तर पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सगळं स्पष्ट येतं. आपला डोळा आयुष्यभर असे फोटो बघत आलेला असतो. गाडीचं नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर दिसलं की तो लगेच ओळखतो, वस्तू लहान आहे आणि कॅमेरा तिच्या अंगाला टेकलेला आहे.

आकडे सांगतो; एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक. एपीएस-सी कॅमेरा, एफ ११, आणि १:६४ ची गाडी फ्रेमभर घेतली तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा मिलिमीटरचा असतो. सात सेंटीमीटरच्या गाडीत सहा मिलिमीटर! १:४३ ला तो तेरा मिलिमीटरच्या आसपास जातो, १:१८ ला सात सेंटीमीटरपर्यंत. माझ्याकडे १:४३ ची पांढरी अँबॅसिडर आहे. ती तिरकी ठेवून डाव्या दिव्यावर फोकस केला आणि एफ ४ वर फोटो घेतला, तर दिव्याच्या काचेवरच्या बारीक रेघा मोजता येतात, जाळीच्या पट्ट्या निम्म्यापर्यंत धारदार आणि पुढे मऊ होत जातात, वायपर विरघळतात आणि मागचं चाक म्हणजे नुसता काळा ठिपका उरतो. तिथल्या तिथे एफ ११ केलं की अख्खी जाळी येते, पुढच्या चाकाची डिश येते, तिच्यावरचं नखाच्या टोकाएवढं अक्षरही येतं. मागचा दिवा तरीही येत नाही. मग एफ २२ का करू नये? अ‍ॅपर्चर फार मिटलं की प्रकाश त्या बारीक भोकाच्या कडेला पसरतो आणि अख्खा फोटोच किंचित मऊ पडतो. एपीएस-सीवर एफ ११, फार तर एफ १६. त्यापुढे मी जात नाही.

यावर तीन उपाय आहेत, आणि त्या तिन्हींचा संबंध खरेदीशी आहे.

एक, मागे सरका आणि नंतर फोटो कापा. अंतर दुप्पट केलं आणि मधला भाग कापून घेतला तर स्पष्ट पट्टा साधारण दुपटीने रुंद होतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदी निम्मी करून कापला तरी सहा मेगापिक्सेल उरतात, आणि फोनच्या पडद्यावर बघायला तेवढे भरपूर झाले. जास्त मेगापिक्सेलचा आपल्याला काही उपयोग असेल तर तो इथे आहे.

दोन, सेन्सर लहान घ्या. हे ऐकून लोक चमकतात, कारण बाजारात सगळे मोठ्या सेन्सरच्या मागे असतात. पण फ्रेममध्ये गाडी तेवढीच दिसायची असेल तर एपीएस-सीवर एफ ११ ला जेवढा पट्टा मिळतो, तेवढ्यासाठी फुल फ्रेमवर (एपीएस-सीपेक्षा मोठा सेन्सर) एफ १६ लावावं लागतं आणि मायक्रो फोर थर्ड्सवर (एपीएस-सीपेक्षा लहान सेन्सर) एफ ८ मध्ये काम होतं. आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा सनबोर्डाच्या एसटी बनवतो. एका दुकानात त्याला फुल फ्रेम बॉडी आणि तिच्यासोबत एक जाडजूड लेन्स गळ्यात मारत होते, 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून. मी सोबत होतो म्हणून वाचला. या कामापुरतं फुल फ्रेम घेणं म्हणजे जास्त पैसे देऊन अडचण विकत घेणं आहे. अमेरिकेत मायकल पॉल स्मिथ यांनी १:२४ च्या गाड्या खऱ्या झाडांसमोर आणि खऱ्या घरांसमोर मांडून जुन्या काळातलं एक अख्खं गाव फोटोंत उभं केलं. जगभर गाजलेले ते फोटो खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्याने काढलेले आहेत. लहान सेन्सरमुळे पुढची गाडी आणि मागचं घर दोन्ही पुरेसं स्पष्ट राहतं, म्हणून ते शक्य झालं.

तीन, फोकस स्टॅकिंग. कॅमेरा न हलवता फोकस थोडा थोडा मागे नेत अनेक फोटो काढायचे आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग एकत्र करायचे. १:६४ च्या तिरक्या गाडीला एफ ८ वर पंधरा-वीस फोटो लागतात. हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही खास याच कामाची सॉफ्टवेअर आहेत, फोटोशॉपमध्येही जमतं. काही कॅमेरे फोकस स्वतःच पायरीपायरीने सरकवतात. कॅननच्या ईओएस आरपीमध्ये ही सोय आहे. ऑलिम्पसच्या टफ टीजी-६ सारखा छोटा कॅमेरा तर स्टॅक आतल्या आत जोडून तयार फोटो हातात देतो, आणि तो एक सेंटीमीटरवरही फोकस करतो. तरीही नवशिक्याने केवळ या सोयीपायी कॅमेरा निवडू नये असं मला वाटतं. लेन्सची रिंग हाताने फिरवूनही स्टॅक होतो. त्यासाठी रिंग मात्र हवी, आणि ती फिरवताना कॅमेरा हलणार नाही असा ट्रायपॉड हवा.

लेन्सचा डोळा किती खाली जातो

दुसरं कारण उंचीचं आहे, आणि याच्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलणार आहे.

नियम असा की कॅमेऱ्याची उंची आणि अंतर, दोन्हींना स्केलच्या आकड्याने गुणा. जे उत्तर येईल तिथे तुम्ही खऱ्या गाडीसमोर उभे आहात. माणसाचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर असतो. १:१८ मध्ये ते ८३ मिलिमीटर झाले, १:६४ मध्ये अवघे २३. गाड्यांच्या जाहिरातींतले फोटो बहुधा दिव्याच्या उंचीवरून, साठ-सत्तर सेंटीमीटरवरून काढलेले असतात. १:६४ मध्ये ते टेबलापासून एक सेंटीमीटर होतं!

आता डीएसएलआर टेबलावर ठेवा. लेन्सचा मध्य बुडापासून साधारण चार सेंटीमीटरवर असतो. चार गुणिले चौसष्ट, म्हणजे अडीच मीटरच्या वर. तुम्ही खऱ्या गाडीकडे स्टुलावर चढून बघताय. खाली ट्रायपॉडची प्लेट लावली की आणखी वर गेलात. टपाचा पत्रा भरपूर दिसतो, चाकं दबलेली दिसतात आणि फोटो खेळण्याचा होतो.

याच्यावरचा घरगुती इलाज म्हणजे जेवणाचा लाकडी पाट. गाडी पाटाच्या अगदी कडेशी ठेवायची आणि कॅमेरा खाली टेबलावर. पाट तीन-चार सेंटीमीटर उंच असतो, तेवढा कॅमेरा खाली गेल्यासारखा होतो आणि लेन्स बंपरच्या रेषेत येते. पाटावर काळा किंवा करडा कार्डपेपर अंथरला की झाला रस्ता. म्हणून खरेदीच्या वेळी पट्टी उभी धरून लेन्सच्या मध्याची उंचीही मोजा. शिवाय लेन्सचा घेर बघा. पुढच्या बाजूला फुगलेली जाड लेन्स टेबलालाच टेकते.

इतक्या खालून पडदा कसा बघणार? म्हणून बाहेर येऊन वळणारा पडदा ही या कामातली अत्यावश्यक गोष्ट समजा. निकॉन डी३५०० आणि कॅनन १५००डी यांचा पडदा बॉडीला पक्का आहे. निकॉन डी५६०० आणि कॅनन २००डी यांचा पडदा वळतो. फोटोच्या दर्जात यांच्यात आपल्या कामापुरता फरक नाही, पण पहिल्या दोघांबरोबर तुम्हाला फरशीवर गाल टेकून पडावं लागेल. माझ्या वयाला ते झेपत नाही, आणि तुमच्याही मानेला ते करायला लावू नका.

ही उंचीची गोष्ट डोळ्यांनी पटवून घ्यायची असेल तर पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात जा. आधी उभ्याने नेहमीसारखं बघा. मग गुडघ्यात वाकून डोळे रुळांच्या पातळीला आणा. तेच स्टेशन, तीच गाडी, पण आता आपण फलाटावर उभे असतो. लहान मुलं तिथे काचेला नाक लावून का उभी असतात ते तेव्हा कळतं.

कुणी काय घ्यावं

हातातल्या फोनपासून सुरुवात करा. १:१८ आणि १:२४ वाल्यांना बऱ्याचदा तोच पुरतो. फोनची मोठी जमेची बाजू अशी की तो उलटा धरला, डोकं खाली, की लेन्स टेबलापासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर येते. १:६४ च्या हिशोबात तुम्ही कमरेच्या उंचीवरून बघताय, आणि हे भल्याभल्या कॅमेऱ्यांना जमत नाही. तोट्याची बाजू म्हणजे बहुतेक फोनांचं अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. मुख्य कॅमेऱ्यावर एफ १.८ असेल तर त्याचा स्पष्ट पट्टा एपीएस-सीवर एफ ४ ते ५.६ लावल्यावर मिळतो तेवढाच असतो. सेन्सर जितका मोठा, तितका हा पट्टा बारीक. त्यामुळे नवा महागडा फोन या बाबतीत जुन्या फोनपेक्षा मागे पडू शकतो. अनेक नव्या फोनांचा मुख्य कॅमेरा पंधरा-वीस सेंटीमीटरच्या आत फोकसही करत नाही. पण २० सेंटीमीटर गुणिले ६४ म्हणजे तेरा मीटर, रस्त्याच्या पलीकडून गाडी बघावी तसं. हे अंतर वाईट नाही, चांगलंच आहे. तेवढ्यावरून फोटो घ्या आणि कापा. जवळ नेल्यावर फोन आपणहून अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतो, ती सेटिंगमध्ये बंद करा, नाहीतर बॉनेट फुगलेलं येतं. पोर्ट्रेट मोड वापरू नका, तो आरसे आणि अँटेना खाऊन टाकतो. आणि स्वस्त फोनांच्या खोक्यावर मिरवणारा दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' कॅमेरा विसरून जा.

घरात कपाटात जुना डिजिटल कॉम्पॅक्ट पडून असेल, फुलाचं चिन्ह असलेला, तर तो आधी चार्ज करा. मी हे अगदी मनापासून सांगतोय. नखाएवढा सेन्सर, खाली जाणारी छोटी लेन्स, जवळ फोकस. भर उजेडात १:४३ आणि १:६४ चे त्याच्यातून येणारे फोटो बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. अंधारात तो निकामी आहे, म्हणून दिवसा वापरायचा. असे कॅमेरे जुन्या बाजारातही कधी कधी दिसतात, पण बॅटरी आणि चार्जर सोबत नसेल तर हात लावू नका.

१:६४ हाच मुख्य छंद असेल आणि तो टिकणार असेल, तर माझं मत सरळ आहे: वापरलेली एपीएस-सी बॉडी, वळणाऱ्या पडद्याची, सोबत ०.३५ च्या आसपास जाणारी किट लेन्स. हे दोन्ही मिळून खर्च नव्या बऱ्या फोनच्या आत बसावा. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तरी उत्तम, पण किट लेन्सचा आकडा तपासा. सोनीची १६-५० मिलिमीटरची ०.२१ च्या आसपासच जाते. मॅक्रो लेन्स घ्यायचीच झाली तर ९० ते १०० मिलिमीटरची घ्या. निकॉनची ४० ची मॅक्रो स्वस्त आणि काटेकोर आहे, पण तिच्याने गाडीच्या इतकं जवळ जावं लागतं की लेन्सचीच सावली बॉनेटवर पडते. पुण्यात कॅमेरा आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. शनिवारी आणा, गाड्या मांडून दिवसभर काढा, रविवारी परत करा, मग ठरवा.

बॉडीत आणखी तीन गोष्टी असाव्यात: अ‍ॅपर्चर आणि शटर हाताने ठरवता येणं, दोन सेकंदांचा टायमर, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये पडद्यावर मोठं करून फोकस तपासता येणं. ऑटोफोकस किती वेगवान, सेकंदाला किती फोटो, व्हिडिओ किती के, यातलं काहीही आपल्याला लागत नाही. आपली गाडी पळून जात नाही.

उरलेले पैसे कुठे घालायचे

कॅमेऱ्यावर वाचलेले पैसे ट्रायपॉडवर घाला. एफ ११ आणि आयएसओ १०० वर (आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) घरातल्या उजेडात शटर सेकंद-दीड सेकंद उघडं राहतं, तिथे हातात धरून चालत नाही. फोटो काढताना पंखा बंद ठेवा, मागचा कागद हलतो.

प्रकाशासाठी मला जून ते सप्टेंबर हे महिने सगळ्यात आवडतात. ढगाळ आभाळ म्हणजे अख्खी गॅलरी मऊ उजेडाने भरलेली, कुठेही कडक सावली नाही, टपावर ढगांचं लांबलचक प्रतिबिंब. एरवी अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपर आणि पांढरे-काळे कार्डपेपर आणा, टेबललॅम्पसमोर ट्रेसिंग पेपर ताणा, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा. चकचकीत रंगाची गाडी आरशासारखी असते, तिच्यात काय दिसावं ते आपण ठरवायचं. स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवा; आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. लाल गाडीचा, विशेषतः लाल एसटीचा फोटो काढताना हिस्टोग्राममधला (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लाल रंग वेगळा बघा. एकूण उजेड बरोबर दिसतो आणि लाल मात्र उजवीकडे जाऊन आपटलेला असतो, मग पत्र्याचे सगळे उठाव सपाट होतात. थोडा अंधारा फोटो घ्या.

बाहेर काढायचे असतील तर वेताळ टेकडीवर सकाळी लवकर जा. तिथला बारीक मुरूम रव्याच्या चाळणीतून चाळून पसरला की १:१८ ला कच्चा रस्ता होतो. १:६४ ला तोही जाड पडतो, त्यासाठी चहाच्या गाळणीतून गाळलेली माती लागते. स्केल इथेही गुणायचं असतं: ०.२ मिलिमीटरचा धुळीचा कण १:६४ च्या गाडीवर तेरा मिलिमीटरचा खडा होतो. मऊ ब्रश आणि हवेचा रबरी फुगा कॅमेऱ्याच्या पिशवीत कायम असू द्या.

वापरलेली लेन्स घेताना

पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि विकायला येणाऱ्या जुन्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले तर ती लेन्स परत द्या, किंमत कितीही उतरवली तरी. धुळीचे दोन-चार कण असले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. झूमची रिंग पुढे-मागे करून अडकते का बघा. बॉडीचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारा, आणि एफ १६ वर पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढून तो पडद्यावर मोठा करा. सेन्सरवरची घाण त्यात काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. माणसांचे फोटो काढणाऱ्याला ती वर्षानुवर्षं कळत नाही. आपण सतत एफ ११ वर काम करतो म्हणून आपल्याला रोज दिसते. ठिपके असले म्हणून सौदा मोडायची गरज नाही, सफाईचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

घरी आणल्यावर सगळं सामान घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून गाड्या मांडा. हवा लागलेली लेन्स बंद डब्यात पडून राहिलेल्या लेन्सपेक्षा जास्त टिकते.